न निघालेल्या गाड्यांची ओळख

स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक लिहा, असे संपादक-समितीच्या भगिनींनी मला सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा जिजाबाई असाव्यात, अहिल्याबाई असाव्यात, नाही तर गेला बाजार आपल्या गल्लीतले जुने राममंदिर तरी असावे. मी मात्र लिहावयास बसले आहे इंग्लंडमधल्या मोटारींविषयी, आणि त्याही बाजारात कधीच न आलेल्या मोटारींविषयी! मला स्वतःला मोटार चालविता येत नाही, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. तेव्हा हा नसता उद्योग मी का केला, ते आधी सांगते.

माझी धाकटी मुलगी कॉव्हेंट्रीला असते. मध्यंतरी तिच्याकडे तीन महिने राहण्याचा योग आला. एका रविवारी जावई म्हणाले, "आई, आज तुम्हांला मोटारींचे संग्रहालय दाखवितो." तेथून जवळच गेडन नावाचे गाव आहे. तेथे हे संग्रहालय १९९३ साली उघडले. आज ते ब्रिटिश मोटार म्युझियम म्हणून ओळखले जाते. मनातून मी थोडी नाराजच होते, पण जावयाला नाही कसे म्हणावे? तेथील संग्रहात रोव्हर कंपनीची एक बसकी, रुंद, काहीशी ओबडधोबड गाडी आहे. शेजारच्या देखण्या गाड्यांपुढे ती अगदीच गरीब वाटते. "ही किती खपली?" मी विचारले. जावई म्हणाले, "एकही नाही. ही एवढी एकच केली, आणि विकली कधीच नाही."

"मग ही ठेवली कशाला?" हा माझा पुढचा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधता शोधता उरलेले दोन महिने कसे गेले ते मला कळले नाही. त्या उत्तराचा हा गोषवारा.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडला परदेशी चलनाची फार गरज होती, आणि अमेरिकन लोकांना वेड लागले होते ते इंग्लंडच्या छोट्या, दोन आसनांच्या, उघड्या टपाच्या मोटारींचे. ह्यांना स्पोर्ट्स कार म्हणतात. कुटुंबाच्या सोयीपेक्षा चालविण्याचा आनंद हा त्यांचा हेतू. एम.जी., ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली, जॅग्वार ही त्यांतली गाजलेली नावे. ह्या कंपन्या मुळात वेगळ्या आणि एकमेकींच्या स्पर्धक होत्या. पण १९५२ साली ऑस्टिन आणि मॉरिस ही घराणी एकत्र आली व त्यांच्याबरोबर एम.जी.ही आली. पुढे जॅग्वार त्यांना मिळाली. शेवटी १९६८ साली ट्रायम्फ व रोव्हर ज्यांच्या ताब्यात होत्या त्या लेलँडशी सर्वांचे एकत्रीकरण होऊन ब्रिटिश लेलँड हा अवाढव्य संसार उभा राहिला. कालपर्यंत ज्या जावा-जावा वेगळ्या चुली मांडून होत्या त्या एका स्वयंपाकघरात आल्या. आता कोणाची भाजी शिजवावयाची आणि कोणाची नाही, हा प्रश्न उभा राहणारच.

नवी मोटार एका दिवसात होत नाही. आधी कागदावर चित्र, मग लहान आकाराची प्रतिकृती, मग खऱ्या मापाची मातीची प्रतिकृती, त्यानंतर हाताने जुळविलेली नमुन्याची गाडी, तिच्या चाचण्या, आणि सर्व जमले तर कारखान्यातले साचे. ह्यांतल्या कोणत्याही पायरीवर वरिष्ठांचा नकार येऊ शकतो. नकार आला की मागे उरते काय? एखादे धुरकट छायाचित्र, एखादा आराखडा, किंवा गोदामाच्या कोपऱ्यात कापडाखाली झाकलेली एकुलती एक गाडी. चाळीस-पन्नास वर्षांनी असे छायाचित्र कोणाच्या हाती पडते आणि प्रश्न येतो, ही गाडी कोणती?

ही ओळख पटविण्याचे काम फार चिकाटीचे आहे. पहिली खूण म्हणजे कारखान्यातला सांकेतिक क्रमांक. एम.जी.च्या अ‍ॅबिंग्डन येथील कारखान्यात प्रयोगाच्या कामांना 'ई. एक्स.' हा क्रमांक देत, म्हणजे प्रायोगिक. ऑस्टिनच्या आरेखन-कचेरीचे क्रमांक 'ए. डी. ओ.' ह्या अक्षरांनी सुरू होत. आपल्याकडेही ठाऊक असलेली चिमुकली मिनी गाडी म्हणजे ए.डी.ओ. १५. परंतु ह्या क्रमांकांवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. एम.जी.बी. ही प्रसिद्ध गाडी १९६२ साली निघाली. तिचा क्रमांक ए.डी.ओ. २३. मग ए.डी.ओ. २१ तिच्याआधीची असेल, असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात २१ क्रमांकाचे काम १९६९ साली सुरू झाले!

दुसरी खूण नंबराच्या पाटीवर असते. इंग्लंडात १९६३ पासून पाटीच्या शेवटी वर्षाचे अक्षर लावावयास सुरुवात झाली. १९६४ साठी बी, १९६५ साठी सी, १९६६ साठी डी. छायाचित्रातले अक्षर वाचता आले की गाडी साधारण केव्हाची ते कळते. तिसरी खूण उसन्या वस्तूंची. नमुन्याच्या गाडीसाठी नवे दिवे, नव्या कड्या, नव्या काचा कोण करून घेणार? चालू गाडीच्याच वस्तू बसवीत. आपण नाही का, पाहुणीच्या अंगावरचा हार ओळखून तो कोणाकडून मागून आणला आहे ते सांगतो? तशी जाणकार माणसे मागचा दिवा पाहून गाडीचे माहेर सांगतात. पण येथेही फसगत आहे. मातीच्या प्रतिकृतीची डावी बाजू एका कल्पनेप्रमाणे आणि उजवी दुसऱ्या कल्पनेप्रमाणे करण्याची पद्धत होती. त्यामुळे दोन बाजूंनी घेतलेली दोन छायाचित्रे पाहून माणसे दोन वेगळ्या गाड्या समजतात.

आता त्या गेडनच्या ओबडधोबड गाडीकडे वळू. तिचे नाव पी ६ बी एस. नाव उलगडले की ओळखही होते. पी ६ हा रोव्हरच्या १९६३ सालच्या सुप्रसिद्ध गाडीचा क्रमांक. बी म्हणजे ब्यूइक, कारण तिचे आठ नळकांड्यांचे हलके, अ‍ॅल्युमिनियमचे इंजिन मुळात अमेरिकेतल्या ब्यूइकचे. त्याचे हक्क रोव्हरने १९६५ साली घेतले. एस म्हणजे स्पोर्ट्स. १९६७ च्या सुमारास स्पेन किंग आणि गॉर्डन बॅशफर्ड ह्या दोघा यंत्रशास्त्र्यांनी ही गाडी केली. इंजिन पुढे नाही, चालकाच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या आत. आसने तीन. रूपाकडे लक्ष देणारे कलावंत तिच्या वाट्याला अजून आले नव्हते, म्हणून ती तशी दिसते. रूप नंतर देता येईल, आधी अंगात गुण आहेत का पाहू, असा तो हिशेब होता. गुण होते. पण १९६८ चे एकत्रीकरण झाले आणि त्याच घरात जॅग्वारची ई-टाइप होती. घरातल्या दोन गाड्यांनी एकमेकींची गिऱ्हाइके पळवू नयेत, असे जॅग्वारचे सर विल्यम लायन्स ह्यांचे मत पडले, असे सांगतात. रोव्हरची गाडी मागे पडली. इंजिन मात्र वाया गेले नाही. १९७० सालच्या रेंज रोव्हरमध्ये तेच बसले आणि पुढे कित्येक वर्षे चालले.

परंतु माझ्या मनाला खरा चटका लावला तो अ‍ॅबिंग्डनच्या गोष्टीने.

अ‍ॅबिंग्डन हे ऑक्सफर्डजवळचे, थेम्स नदीच्या काठचे जुने गाव. एम.जी.चा कारखाना तेथे १९२९ साली आला आणि गावचाच होऊन गेला. ह्या कारखान्याच्या नशिबी नकार नवा नव्हता. १९५१ साली ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीसाठी त्यांनी एक गाडी केली. तिचा सांगाडा जुन्या पद्धतीचा, अरुंद होता. त्यामुळे चालक उंचावर बसल्यासारखा दिसे आणि वारा अंगावर घेई. सिड एनेव्हर ह्या त्यांच्या कुशल यंत्रशास्त्र्याने सांगाड्याचे बाजूचे दांडे बाहेर सरकवले, म्हणजे त्यांच्या मध्ये आसन खाली बसविता आले. ह्या नव्या गाडीचा क्रमांक ई.एक्स. १७५. १९५२ साली ती वरिष्ठांपुढे ठेवली. पण तेव्हा प्रमुख सर लिओनार्ड लॉर्ड ह्यांनी नुकताच डोनाल्ड हीली ह्यांच्याशी ऑस्टिन-हीलीचा करार केला होता. दोन गाड्या कशाला? नकार मिळाला. पुढे जुन्या एम.जी.चा खप घसरला, तेव्हा वरिष्ठांचे मत बदलले, आणि १९५५ साली हीच गाडी एम.जी.ए. म्हणून बाजारात आली. तिच्या एक लाखावर गाड्या निघाल्या. नकार मागे घेतला नसता तर आज आपण ई.एक्स. १७५ हीदेखील अशीच एक अनोळखी गाडी म्हणून छायाचित्रात शोधली असती.

एम.जी.ए.च्या मागून १९६२ साली एम.जी.बी. आली. ही गाडी अठरा वर्षे निघत राहिली, आणि सर्व प्रकार मिळून पाच लाखांवर विकली गेली. पण अठरा वर्षे हा मोटारीच्या आयुष्यात फार मोठा काळ. १९७० नंतर टीका होऊ लागली की अ‍ॅबिंग्डनची माणसे जुनीच गाडी घासूनपुसून विकतात, त्यांना नवे काही सुचत नाही. अजूनही काही जण तसे म्हणतात. ते खरे की खोटे? ह्याचा निकाल त्या न निघालेल्या दोन गाड्याच देतात. त्यांची ओळख बरोबर पटणे म्हणूनच महत्त्वाचे.

पहिली ई.एक्स. २३४. साल सुमारे १९६५. म्हणजे एम.जी.बी. येऊन तीन वर्षे झाली, तोच तिच्या वारसाची तयारी चालू होती. एम.जी.बी. आणि तिची धाकटी बहीण मिजेट ह्या दोहोंची जागा एकाच गाडीने घ्यावी, असा बेत होता. बाह्यांग इटलीतल्या ट्युरिनच्या पिनिनफारिना ह्या नामांकित घराकडून करून घेतले. ही गाडी छायाचित्रात पाहिली तर कोणीही तिला इटालियन म्हणेल, कारण त्याच घराने त्याच सुमारास फियाट आणि आल्फा रोमिओ ह्यांच्या उघड्या गाड्या केल्या. तिन्ही बहिणी शोभतात. ओळख पटते ती पोटात शिरल्यावर. तिच्या चाकांना पोलादी स्प्रिंगा नव्हत्या. रबर आणि द्रव भरलेले डबे होते, आणि पुढच्या चाकाचा डबा नळीने मागच्या चाकाच्या डब्याला जोडलेला होता. पुढचे चाक खड्ड्यात गेले की द्रव हलून मागचा भाग आपोआप सावरतो. ही युक्ती अ‍ॅलेक्स मोल्टन ह्यांची, आणि ती ब्रिटिश गाड्यांत होती, फियाटमध्ये नाही. अशी गाडी एकच झाली. अमेरिकेचे सुरक्षिततेचे आणि धुराचे नवे कायदे येऊ लागले होते, चालू गाड्या त्यांत बसविण्यातच मनुष्यबळ खर्ची पडू लागले, वर एकत्रीकरणाची धामधूम. ई.एक्स. २३४ कापडाखाली गेली.

दुसरी ए.डी.ओ. २१. काळ १९६९ आणि १९७०. ह्या वेळी अ‍ॅबिंग्डनने आणखी पुढची उडी घेतली. इंजिन आसनांच्या पाठीमागे, गाडीच्या मध्यावर. त्यामुळे वजन सारखे वाटले जाते आणि वळणावर गाडी चपळ राहते. त्यांनी एका एम.जी.बी. जी.टी.च्या पोटात इंजिन मागे बसवून ती चालवूनही पाहिली. म्हणजे बाहेरून जुनी, आतून नवी! रस्त्यावरून ती गेली असती तरी कोणाला संशय आला नसता. नव्या पाचरीसारख्या रूपाची पूर्ण मापाची मातीची प्रतिकृती लाँगब्रिजला झाली. पण त्याच वेळी ट्रायम्फचीही नवी गाडी पाटावर बसली होती. मुख्य गिऱ्हाईक अमेरिकेत, म्हणून तेथे जाऊन चौकशी करण्यात आली. साधी, सरळ, पुढे इंजिन असलेली, दुरुस्तीला सोपी गाडी हवी, असे उत्तर आले. १९७० च्या अखेरीस ए.डी.ओ. २१ बंद झाली आणि ट्रायम्फची टी.आर. ७ पुढे गेली. ती १९७५ साली बाजारात आली.

येथे एक न्यायाची गोष्ट सांगितली पाहिजे. नकार देणारे सगळे दुष्ट होते, असे मला म्हणावयाचे नाही. पैसा मर्यादित होता, एकाच घरात स्पोर्ट्स गाड्यांची नावे चार-पाच होती, आणि मध्यावर इंजिन बसविले की सामानाची जागा घटते व खर्च वाढतो, हेही खरे. त्यांच्या जागी आपण असतो तर कदाचित हेच केले असते. पण निर्णयाचा परिणाम भोगला तो मात्र अ‍ॅबिंग्डनने. वारस नाही म्हणून एम.जी.बी. म्हातारी होत गेली. अमेरिकेच्या नियमांसाठी १९७४ साली तिला जाड काळे बंपर लावले, उंची वाढवली, आणि तिची चपळाई आणखी कमी झाली.

१९७९ च्या सप्टेंबरात अ‍ॅबिंग्डनने कारखान्याच्या पन्नास वर्षांचा उत्सव केला. पताका लागल्या, जुन्या गाड्या मिरविल्या. उत्सव संपला आणि लगेच सोमवारी, १० सप्टेंबरला, बातमी आली की येथे एम.जी. बंद होणार. मैत्रिणींनो, आपणही वर्धापनाच्याच उत्सवात आहोत. कल्पना करा, आज रांगोळ्या काढल्या आणि उद्या दाराला कुलूप! गाड्यांच्या मालकांनी लंडनमध्ये मोर्चा नेला. ऑस्टन मार्टिन कंपनी व तिच्या सहकाऱ्यांनी कारखाना विकत घेण्याची खटपट केली. त्यासाठी थोडे फेरफार केलेली एक एम.जी.बी.ही घाईघाईने तयार करण्यात आली, म्हणजे न निघालेल्या गाड्यांच्या यादीत आणखी एक भर. बोलणी फिसकटली. १९८० च्या ऑक्टोबरात शेवटची गाडी बाहेर पडली आणि हजारावर माणसांचा कारखाना बंद झाला. ज्या टी.आर. ७ साठी ए.डी.ओ. २१ मागे ठेवली, तीही १९८१ साली बंद पडली.

म्हणजे अ‍ॅबिंग्डनच्या माणसांना काही सुचत नव्हते, हा आरोप टिकत नाही. त्यांना दोनदा सुचले होते, आणि दोनदा त्यांनी ते करूनही दाखविले होते. इतकेच नव्हे, तर १९९५ साली एम.जी.एफ. ही नवी गाडी लाँगब्रिजला निघाली. तिचे इंजिन गाडीच्या मध्यावर होते, आणि तिच्या पुढच्या-मागच्या चाकांचे डबे नळीने जोडलेले होते. आता रबराच्या जागी वायू होता, एवढाच फरक. एक गुण ए.डी.ओ. २१ चा, दुसरा ई.एक्स. २३४ चा! ज्यांनी त्या दोन गाड्या ओळखल्या आहेत त्यांनाच ह्या नातीचा चेहरामोहरा कोणावर गेला ते कळते.

असाच वारसा जॅग्वारच्या एक्स.जे. १३ चा आहे. ल मांच्या शर्यतीसाठी १९६६ साली एकच गाडी केली. आकार माल्कम सेयर ह्यांचा, इंजिन बारा नळकांड्यांचे. नियम बदलले आणि ती शर्यतीत कधी उतरलीच नाही. १९७१ च्या जानेवारीत चित्रफितीसाठी चालविताना चाक मोडून तिला भीषण अपघात झाला. चालक नॉर्मन ड्यूइस सुदैवाने वाचले, आणि गाडी पुढे दुरुस्त झाली. ती चित्रफीत होती जॅग्वारच्या नव्या बारा नळकांड्यांच्या ई-टाइपची, जी त्याच वर्षी बाजारात आली. ती जॅग्वार कंपनी २००८ पासून आपल्या मुंबईच्या टाटा मोटर्सकडे आहे, हे वाचून मला उगीचच घरचे कोणी भेटल्यासारखे वाटले.

आता 'मग ही ठेवली कशाला?' ह्या प्रश्नाचे उत्तर. जे झाले त्याचा इतिहास लिहिणे सोपे असते, कारण ते डोळ्यांपुढे असते. पण ते तसेच का झाले, हे कळण्यासाठी जे व्हावयाचे होते आणि झाले नाही, तेही ओळखता आले पाहिजे. नाही तर दोष भलत्याच्या माथी बसतो.

परत आल्यावर ह्या स्मरणिकेसाठी मी मंडळाच्या जुन्या सभांच्या वह्या चाळल्या. एका वहीत पाळणाघराचा बेत सापडला. खोलीचा हाताने काढलेला नकाशा, किती पाळणे, दाईचा पगार किती, दुधाचा खर्च किती, सगळे मांडलेले. खाली एकच ओळ, 'जागेअभावी विषय तहकूब.' आमच्या काळी मंडळाने नोकरी करणाऱ्या बायकांसाठी काही केले नाही, असे आपल्या तरुण सभासद कधी कधी म्हणतात, आणि आपण गप्प बसतो. तो नकाशा कोणी काढला, हे वहीत लिहिलेले नाही. अक्षर मात्र वळणदार आहे. ज्या ज्येष्ठ भगिनींना ते ओळखता येईल त्यांनी वही एकदा पाहून जावी. मी ती कचेरीच्या कपाटात वरच्या खणात ठेवली आहे.